खामगावच्या रंगमंचामागची हरणी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झालेली. खामगावच्या मुलांच्या छोट्याशा प्राणिसंग्रहालयासाठी मी एक मंडप आखला होता. वर रंगीबेरंगी छप्पर, खाली नाच-नाटकांचा कट्टा. उद्घाटनाचं बोलावणं आलं आणि मी टुणकन निघालो. स्वतःची करामत बघायची होती ना!

पुण्याहून मनमाड, पुढे भुसावळ, मग जलंबला उतरून खामगावची वेगळी गाडी. कुणी जाणार असाल तर जलंबलाच पोटभर खाऊन घ्या, ती गाडी केव्हा हलेल याचा नेम नसतो. मी दोन तास भजी खात बसलो होतो. खामगावात तांगा आठ आण्यांत मिळाला. रस्ताभर सरकीच्या तेलाचा वास.

मंडप फक्कड उतरला होता. कट्ट्याची मागची बाजू मी मुद्दाम उघडी ठेवली होती, नाचणाऱ्या मुलांच्या मागे कुंपणातली हरणी दिसावी म्हणून. तिचं नाव सोनी. तिला सांभाळणाऱ्या गंगूबाई मला बघताच पुढे आल्या.

"साहेब, मांगून भिंत घाला म्हनलं होतं तुमाले. सोनी लय भेकड हाय. बाटलीनं दूध पाजून वाढवली म्या तिले."

मापं घ्यायला आलो तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

"अहो बाई, होईल सवय."

"मंग उद्याचा दिवस तरी तिले पल्याड नेतो."

"छे छे! तीच तर खरी शोभा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेझीम सुरू झालं. ढोलावर थाप पडली आणि माझ्या छपरानं ती दुप्पट करून परत फेकली. सोनी कुंपणात सैरावैरा धावली, उंच उडाली आणि तारेवर आदळली. पोरांना वाटलं, हाही खेळच. त्यांनी जोरजोरात टाळ्या पिटल्या.

गंगूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मान मोडली होती. "सोने, उठ वं माय," एवढंच त्या म्हणत होत्या. मी कशीबशी माफी मागितली.

"तुमी जा साहेब," त्या म्हणाल्या. "लोकं जेवाले थांबले असतीन."

परतीचा रस्ता मला आठवत नाही. बाईंनी दोनदा सांगितलं होतं आणि ऐकायला मला कमीपणा वाटला होता, हे मात्र अजून सलतं.

घरी बायकोनं चहा पुढे केला. "कसा झाला हो कार्यक्रम? टाळ्या पडल्या का?"

"खूप पडल्या," मी म्हणालो, आणि ढसाढसा रडलो.