वहिनीच्या पोटातलं पाणी

देवरूखहून आलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर शाळेच्या दारात थांबला नि म्हणाला, "मास्तर, तुमची वहिनी गेली." तापाचं निमित्त झालं. त्याला आता दीड महिना होतो आहे, पण चंद्रावहिनी आठवली की ताप आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या दवाखान्यातलं घमेलं...

दादा, माझा थोरला भाऊ, मुंबईला गिरणीत. एकदा तो वर्षभर गावी फिरकला नाही आणि नेमकं त्याच काळात वहिनीचं पोट वाढू लागलं. ती विहिरीवर गेली की बायका गप्प होत. आईनं तिला चुलीपाशी येऊ देणं बंद केलं. वहिनी मला एवढंच म्हणाली, "भावजी, पोटात काय हाय ता मला ठावं नाय. पन पोर नाय. डाक्टराकडं न्या."

डॉक्टरांनी पोट चाचपलं. म्हणाले, "मूल नाही. काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याची पिशवी धरली आहे. काढताना फुटली तर जिवावर बेतेल."

"आनि नाय काढली तर?"

"आज ना उद्या आपोआप फुटेल."

"मग काढा," ती म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर तिनं ती पिशवी बघायला मागितली. घमेल्यात नारळाएवढी पांढरी पिशवी, आत झऱ्यासारखं नितळ पाणी, पाण्यात द्राक्षांसारखे फुगे, आणि त्यांतही आणखी बारीक फुगे! डॉक्टरांनी समजावलं : कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढा किडा असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, हातावर येतात; तिथून बकऱ्याच्या, रानडुकराच्या, माणसाच्या पोटात जाऊन अशी पिशवी धरते. तसलं काळीज कुत्र्यानं कच्चं खाल्लं की पुन्हा किडा. आमच्या घरची पारधीची कुत्री वहिनीच्याच हातचं खात. मला वाटलं, ती तोंड फिरवील. ती मात्र कितीतरी वेळ बघत राहिली. "येवड्याशा किड्यानं रान, गोठा नि मानूस एका दोऱ्यात ओवलान," ती म्हणाली. 

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं.  आईनं वहिनीला चुलीपाशी बसवून जेवायला वाढलं.

पुढच्या पारधीला डुक्कर पडलं. पारधीचे म्होरके माझे वडील, आबा. काळीज कुत्र्यांना टाकायला त्यांनी हात उचलला आणि वहिनी पुरुषांच्या घोळक्यात शिरली. "मामंजी, ता कुत्र्यांना घालू नका."

"कुत्र्यांचा मान हाय तो."

काळजावर एक पांढरा फुगवटा होता. तिनं कोयत्याचं टोक लावलं. नितळ पाणी वाहिलं... "ह्याच माज्या पोटात व्हता," ती म्हणाली. "ह्याच्यापायी तुमी माजी अब्रू काढलात."  आबांनी फावडं मागवलं.

गेल्या आठवड्यात मी घरी गेलो, तेव्हा डुक्कर आणलेलं होतं. आबा आता वाकलेत, तरी वाटे घालण्याआधी त्यांनी स्वतः खोल खड्डा खणला, काळीज त्यात ठेवलं, माती लोटली नि वर धोंडा बसवला. सावर्ड्याहून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "ही कुठली रीत?"

"आमच्या सुनेची," आबा म्हणाले. कुत्र्यांचा वाटा चुलीवर शिजत होता आणि कुत्री अंगणाच्या कडेला शांतपणे वाट बघत बसली होती.