अकरावा प्रश्न

माझी आत्या एकोणीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते. जिभेला हाड नाही, पण हाताखालच्या बायकांवर जीव. कॉलेजसाठी मी तिच्याच घरी राहते. विषय आहे आरोग्य आणि समाज. आत्या शेजारणींना सांगत सुटते की आमची पोरगी अर्धी डॉक्टर झाली. या शिक्षणात डोकेदुखीची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही, हे तिला कितीदा सांगितलं. पण ऐकेल ती आत्या कसली!

तिसऱ्या वर्षी सरांनी आमच्या गटाला नेमकं तेच धुलाईघर पाहणीसाठी दिलं. प्रश्नावली मी तयार केली. नात्यातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही असा नियम, म्हणून त्या दिवशी मी तिकडे फिरकलेच नाही. अकरावा प्रश्न होता, चादरी निवडताना हातमोजे घालता का? उत्तर हो किंवा नाही. अडतीसपैकी एकतीस जणी नाही म्हणाल्या, त्यात आत्याही होती. मी ऐटीत लिहिलं, 'कामगारांमध्ये धोक्याची जाणीव नाही.' सरांनी शाबासकी दिली आणि अहवाल दवाखान्याकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी आत्याने एक कागद माझ्यापुढे धरला, वाचून दाखव म्हणाली. हातमोज्यांशिवाय दिसेल तिला कामावरून कमी करणार, अशी नोटीस होती. कारण म्हणून खाली माझंच वाक्य, जसंच्या तसं. मी वाचलं, आणि हे मीच लिहिलंय हेही सांगून टाकलं.

मग तिने सांगितलं. वॉर्डातून येणाऱ्या चादरींत वापरलेल्या सुया राहून जातात. बायका उघड्या बोटांनी हळूहळू चाचपत जातात, म्हणजे टोचायच्या आत सुई कळते. दिलेले मोजे पुरुषी मापाचे आणि जाड. त्यातून काही म्हणजे काही कळत नाही, आणि सुई मात्र आरपार जाते.

"एका घरात राहतो आपण," आत्या म्हणाली. "जेवताना एकदा विचारलं असतंस, का घालत नाही म्हणून."

स्वतःचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं आणि नोटीस मागे घ्यायला लावा म्हटलं. ते शांतपणे म्हणाले की अहवाल तर गेला, तुझा मुद्दा पुढच्या आवृत्तीत 'अभ्यासाच्या मर्यादा' या भागात दोन ओळींत टाकू. शिवाय घरचं माणूस असल्यामुळे तू भावनिक झाली आहेस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दवाखान्याच्या अधिकाऱ्यालाही पत्र दिलं. त्याने ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि विद्यापीठाचा अहवाल खोटा म्हणायचा का, असं मलाच विचारलं.

नोकरी सोडणं आत्याला परवडणारं नव्हतं. तिने मोजे घातले. चौथ्या दिवशी मोज्यातून सुई तिच्या अंगठ्यात घुसली. कोणत्या रोग्याची, कुणाला माहीत नाही. आता सहा महिने रक्त तपासत राहायचं.

पहिल्या तपासणीच्या रांगेत मी तिच्या शेजारी बसले होते. चुकलं माझं, म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "उद्या बाकीच्या तीस जणीसुद्धा मोजे घालूनच येणार आहेत."