कोब्यातला नायलॉनचा धागा

दुपारी टाकलेला कोबा संध्याकाळी पुन्हा तडकला होता. सोलापुरातल्या एका पॉवरलूम शेडचं काम. मी कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर होतो. काळे साहेब, म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर, बुटाच्या टोकानं चिरा दाखवत म्हणाले, "गँग बदला. या लोकांना माल कालवता येत नाही."

मुकादम शरणप्पा मैंदर्गीचा. बारा माणसं घेऊन आला होता. साहेब गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "साहेब, माल पातळ न्हाय, शिमिट कमी न्हाय. आमचं चुकलं काय, ते तरी सांगा की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. एप्रिल होता, शेडला अजून पत्रे बसायचे होते, वारा भट्टीसारखा. ओलं काँक्रीट वरून भराभर वाळतं, आतून तितक्या वेगानं पाणी वर येत नाही. वरचा थर आकसतो आणि कच्चा असतानाच फाटतो. हे साहेबांना दोनदा सांगून झालं होतं. मला आता बोलायचाही कंटाळा आला होता.

परदेशात काँक्रीटमध्ये नायलॉनचे बारीक तुकडे मिसळून पाहतात, असं एका मासिकात वाचलं होतं. शेजारच्याच शेडमध्ये नायलॉनच्या साड्या विणत. तिथं कांड्या भरणाऱ्या नरसव्वाकडे मी वाया गेलेला धागा मागितला.

"सिमेंटात घालणार?" ती हसली. "साहेब, ऊन लागलं काय तुमाला?"

तरी तिनं कात्रीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दिले. पहिलाच घाणा फसला. धाग्याचे गोळे झाले, त्यांत कोरडं सिमेंट अडकलं. शरणप्पाचे गडी फावडी टेकून बघत राहिले. नरसव्वा दारातून म्हणाली, "पीळ तसाच ठेवला की तुमी. पीळ सोडवा, पिंजा, मग टाका."

ती स्वतःच पिंजायला बसली. पिंजलेला धागा आम्ही कोरड्या वाळूवर चिमटीचिमटीनं भुरभुरला, मग सिमेंट, खडी आणि शेवटी पाणी. माल घट्ट झाला. शरणप्पानं बादली उचलली. मी त्याचा हात धरला.

"जास्त पाणी नाही. ठोकून बसवा."

"हात मोडत्याल, साहेब."

"मोडू देत."

शेजारी शेजारी दोन पट्ट्या टाकल्या. एकीत धागा, दुसरीत नाही. तेच गडी, तेच ऊन. संध्याकाळी साध्या पट्टीवर चिरांचं जाळं होतं. धाग्याच्या पट्टीवर कोपऱ्यात केसाएवढ्या दोन चिरा. शरणप्पानं त्या तीन वेळा मोजल्या आणि पटका काढून तोंड पुसलं.

काळे साहेबांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. "ठीक आहे. गँग राहू दे."

उरलेला कोबा धागा घालूनच झाला. मी साहेबांना बजावलं, "धागा पहिले काही तास सांभाळतो. पुढे क्युरिंग लागतंच." क्युरिंग म्हणजे ओली पोती घालून काँक्रीट काही दिवस भिजतं ठेवणं. साहेबांनी मान डोलावली.

पुढचं काम श्रीपूरच्या बाजूला, एका गोदामाचं. तिथंही शरणप्पाचीच गँग आणि तोच धागा; मला मात्र दुसऱ्या साइटवर पाठवलं होतं. आठवड्यानं निरोप आला, "तुमचा धागा फेल गेला."

मी गेलो. गोदामाचा कोबा या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटला होता. एकही पोतं दिसेना.

"पाण्याचा टँकर?"

"परत पाठवला," साहेब म्हणाले. "धागा घातलाय ना, मग पाणी कशाला? तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी असं नव्हतं सांगितलं, साहेब."

"मग काय सांगितलं होतं? दाखवा."

दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. शरणप्पाची गँग आदल्याच दिवशी काढून टाकली होती. माल नीट कालवला नाही म्हणून. मी पुढच्या रविवारी मैंदर्गीला जाऊन आलो. तो कर्नाटकात कामाला गेला होता. कुठं, ते घरच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

धाग्याचा दोष नव्हता, हे मी नंतर अनेकांना पटवून दिलं. शरणप्पाला त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यानंतर नोकरीभर साइटवरची प्रत्येक सूचना मी कार्बन घालून लिहीत आलो, आणि खाली साहेबाची सही घेतल्याशिवाय जागचा हललो नाही.