मोठ्यानं वाच

"वाच. मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे."

विचुंब्याला आमच्या चाळीत सकाळी पाऊण तास पाणी येतं. तेवढा वेळ सगळी चाळ नळावर असते. कर्जाच्या वसुलीवाल्यानं नेमकी तीच वेळ धरली होती. मोटरसायकल नळाजवळ लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि पाकिटातून कागद काढून आईसमोर धरला. आईनं लुगड्याला हात पुसले, कागद घेतला आणि न बघता माझ्याकडे दिला. इंग्रजी कागद ती असाच देते.

"ही कोण?"

"लेक माजी."

"शिकलेली दिसते. कुठल्या मीडियमची?"

उत्तर आईनं दिलं. असल्या वेळीही तिला तो अभिमान झाकता आला नाही. "इंग्लिस मीडियम."

तो हसला. "मग वाचा ना मॅडम."

आणि मी वाचलं.

मला हेच सांगायचं आहे. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. वाच म्हणाला आणि मी वाचलं. पाठ ताठ, कागद छातीच्या उंचीवर, नजर मधूनमधून समोर. स्वल्पविरामाला थांबले. पूर्णविरामाला थोडी जास्त थांबले. एकही उच्चार चुकला नाही.

वरच्या गॅलरीत चाळमालक दात घासत उभा होता. त्याला सगळे शेठ म्हणतात. फेस थुंकून म्हणाला, "कातकऱ्याची पोर बग. मडमेवानी वाचते."

बायका हसल्या. काहींना खरंच कौतुक वाटलं होतं. मला हसण्यापेक्षा ते कौतुक जास्त लागलं.

"आता आईला मराठीत सांग," वसुलीवाला म्हणाला.

सांगितलं. सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर गुन्हा दाखल होईल. घरातलं सामान उचलून नेतील. अटक होईल. अटक हा शब्द मी आईच्या तोंडाकडे बघत उच्चारला. आईचा हंडा भरून वाहत होता. नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. आमच्याकडे पाणी वाया घालवलं की भांडण होतं. त्या दिवशी कुणी भांडलं नाही.

आमचं मूळ चिरनेरकडच्या एका वाडीतलं. आजा, आजी, आई, वडील, सगळे वीटभट्टीवर. पावसाळा सरला की मुकादम उचल द्यायचा. ती फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही, आणि ती कधी फिटायचीच नाही. माझे वडील भट्टीवरच गेले. तेव्हा मी शाळेच्या वयाचीही नव्हते. आई मला कडेवर घेऊन तिथून निघाली ती नवीन पनवेलला घरकामाला लागली. जिच्याकडे पहिलं काम मिळालं त्या वहिनींनीच माझा शाळेचा फॉर्म भरला. गरिबांसाठी ठेवलेल्या जागेवर माझा नंबर लागला. इंग्रजी शाळा, आठवीपर्यंत फुकट.

शाळेत मी कुणाशी बोलायची नाही. डबा झाकून खायची. कुठे राहतेस विचारलं तर नवीन पनवेल म्हणायची. पण टीचर "स्टँड अप अँड रीड" म्हणाल्या की उभी राहायची आणि घडाघडा वाचायची. वाचताना कुणी मला काही विचारत नसे. बोलणं माझं नव्हतं, पुस्तकाचं होतं. त्या वर्गात मला जागा होती ती एवढीच. सातवीत वाचनाचं बक्षीसही मिळालं. निळी पाण्याची बाटली. आई ती बाटली आजही कामावर नेते. म्हणजे नेत होती.

नववीला फी सुरू झाली. तेव्हा एक माणूस टॅब घेऊन चाळीत फिरत होता. "तारण काही नको मावशी. फक्त आधार कार्ड आणि एक फोटो." आईला ते फार आवडलं. "आपल्याकडं ठेवायला हाय काय? म्हंजे हे आपल्यासाठीच हाय." तिनं कर्ज घेतलं. ते फेडायला पुढं दुसरं. दुसरं मोबाइलवरून, आणि ते घेताना तिचा फोटो मीच काढला. "आई, थोडी हस," म्हणाले.

माझी बारावी झाली. कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी टायपिंगला लागले. हप्ते नीट चालले होते. मग आईला टायफॉइड झाला. दोन महिने ती घरी, हप्ते थकले, आणि पत्रं सुरू झाली.

पत्रावर वर तराजूचं चित्र. लाल शिक्का. कुठल्यातरी वकिलाची सही. पहिली तीन पत्रं मी घरातच वाचली होती. आई जमिनीवर बसून ऐकायची, पोथी ऐकावी तशी, हात मांडीवर. वाचून झालं की म्हणायची, "परत वाच. कायतरी सुटलं आसंल बग." दुसऱ्यांदा वाचल्यावर धमकी कमी होईल असं तिला वाटायचं. मी परत वाचायची. तसंच वाचायची, स्वच्छ, एक शब्द न गाळता. एखादा शब्द मऊ करून सांगावा, हे मला एकदाही सुचलं नाही. छापलेलं बदलायचं नाही हे माझ्या हाडात गेलं होतं. त्यातून इंग्रजी. इंग्रजीत कुणी खोटं कशाला छापेल?

नळावरच्या त्या सकाळनंतर माझा आवाज माझ्या मागे लागला.

ऑफिसात कीबोर्डवर बोटं चालू असताना मधेच ऐकू यायचा. विदिन सेव्हन डेज. वसुलीवाल्याचा आवाज मला आठवत नव्हता. आठवत होता तो माझा, शाळेतला, बक्षिसाचा. भाजी घेताना, चपला घालताना, केस विंचरताना. फेलिंग विच. लीगल ॲक्शन. कधीकधी ओठही हलायचे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं एकदा विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?" मी म्हटलं, पाठ करतेय. काय, ते तिनं विचारलं नाही.

आणि आई. ऑफिसचा फोन आला की मी इंग्रजीत बोलते. पूर्वी ती हातातलं काम थांबवून ऐकायची. काही कळत नसे, पण ऐकायची, ओठांवर हसू असायचं. आता मी "हॅलो सर" म्हटलं की ती दचकायची आणि उठून बाहेर जायची. उन्हात, ओट्यावर, माझा फोन संपेपर्यंत. ते लोक नंतर आलेच नसते तरी चाललं असतं. त्यांचं काम मी घरात बसून करत होते.

मग त्यांनी वहिनींना फोन केला. आईच्या मोबाइलमधले सगळे नंबर कर्ज देतानाच त्यांच्याकडे गेले होते. आम्हाला कळलंही नव्हतं. वहिनी दारातच म्हणाल्या, "यमुना, तुझ्या मुलीचा फॉर्म मी भरला. आणि तू माझा नंबर देतेस असल्या लोकांना? उद्यापासून येऊ नकोस." इतक्या वर्षांचं काम. आई घरी आली, निळी बाटली फळीवर ठेवली आणि म्हणाली, "वाडीवर मुकादम आलाय. उचल देतो म्हनतो. सोमवारी जाते."

"भट्टीवर?"

"मंग? अटक हुयाची वाट बघू? तूच वाचलंस ना?"

तूच वाचलंस ना.

ती ज्या भट्टीतून मला कडेवर घेऊन निघाली होती, तिथं ती परत चालली होती. मी वाचून दाखवलं म्हणून.

शुक्रवारी ऑफिसात भाडेवाढीची पत्रं काढायची होती. साठ गिऱ्हाइकं. मी एक मसुदा तयार केला, नावांची यादी जोडली, बटण दाबलं. साठ पत्रं. "भाषा जरा कडक ठेव," साहेब म्हणाले होते. ठेवली. तपासताना दिसलं की जुन्या मसुद्यातून उचललेल्या परिच्छेदात एका भलत्याच गिऱ्हाइकाचं नाव राहून गेलंय. साठही पत्रांत.

मी ते नाव पुसलं आणि पुसतानाच माझा हात थांबला.

पर्समध्ये आईचं पत्र होतं. काढलं. या वेळी ओठ मिटून वाचलं. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात लिहिलं होतं, श्रीमती सुनंदा यांनी कर्ज बुडवण्याच्या उद्देशानं.

सुनंदा कोण? माझ्या आईचं नाव यमुना.

हे नाव मी नळावर मोठ्यानं वाचलं होतं. स्पष्ट उच्चारात. कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. आई म्हणत होती, कायतरी सुटलं असेल बघ. सुटलं होतं. त्या कागदामागे माणूसच नव्हता. कुणीतरी माझ्यासारखंच एका टेबलाशी बसून, भाषा कडक ठेवून, बटण दाबलं होतं. कागद मुका होता. त्याला आवाज दिला मी.

शनिवारी अर्धा दिवस सुटी घेऊन पनवेलच्या कोर्टात गेले. तिथं वकील फुकट सल्ला देतात असं ऐकलं होतं. दारातून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. एक वकीलबाई होत्या. त्यांनी पत्र उलटसुलट बघितलं.

"हे कोर्टाचं नाही. कोर्टाचा कागद असता तर कोर्टाचं नाव असतं, केसचा नंबर असता. कर्ज घेतलंय का?"

"हो."

"मग ते देणं आहे. ते नाकारू नकोस. पण हप्ता थकला एवढ्यावरून कुणी अटक करत नाही. दारात येणाऱ्याकडे ओळखपत्र माग, कंपनीचं अधिकारपत्र माग. आणि पैसे कंपनीत भर, पावती घे. त्याच्या हातात एक रुपया देऊ नकोस." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं इंग्रजी येतं तर त्यांना उत्तर का नाही लिहिलंस?"

मला कधी उत्तर लिहायला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते वाचायला.

रविवारी तो परत आला. तीच वेळ. पाणी आलेलं, हंडे लागलेले. आईची पिशवी आत बांधून ठेवलेली.

"घ्या मॅडम. नवीन आहे. चालू करा."

माझी पाठ सरळ झाली. आपोआप. कागद छातीपर्यंत आला. तोंड उघडलं. मी खोटं सांगणार नाही, पहिला शब्द जिभेवर आला होता.

"तुम्ही वाचा," मी म्हटलं आणि कागद त्याला परत दिला.

"काय?"

"पत्र तुमचं आहे. तुम्ही वाचा. मोठ्यानं."

त्यानं कागदाकडे बघितलं. डिअर मॅडम एवढं वाचलं. मग धिस इज. मग अडकला. पुन्हा धिस इज. नळावर कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लाल झाले. चोवीस-पंचवीसचा असेल. एका बुटाचा तळ सुटत आलेला. मला आनंद झाला असं लिहायला मला आवडलं असतं. झाला नाही. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

मी कागद त्याच्या हातातून घेतला, तिसरा परिच्छेद बघितला. यातही तेच नाव. त्यावर बोट ठेवलं. "ही सुनंदा कोण?"

"मला काय माहीत? मला देतात ते मी आणतो."

"ओळखपत्र दाखवा. कंपनीचं अधिकारपत्र दाखवा."

"जास्त शहाणी झालीस काय?"

"कर्ज आहे. ते आम्ही कंपनीत भरू, पावती घेऊ. तुम्हाला इथं नळावर काही मिळणार नाही."

वरून शेठ ओरडला, "ए पोरी, माज्या चाळीत तमाशा नको. जमत नसंल तर खोली खाली करा."

मी वर बघितलं. त्याच्याशी मी जन्मात बोलले नव्हते. आवाज कापत होता, पण आला.

"शेठ, मागच्या खेपेला मी वाचत होते तेव्हा हा तमाशा नव्हता का? तेव्हा तुम्ही दात घासत उभे होता."

कुणी हसलं नाही. तो वसुलीवाला हेल्मेट घालत "बघून घेईन" म्हणाला आणि गेला. आईनं वाकून नळ बंद केला. हंडा काठोकाठ होता, सांडला नव्हता.

आत येऊन तिनं पिशवीची गाठ सोडली.

"मुकादमाला कळवू का?" मी विचारलं.

"तू नको. माजं मी सांगते त्याला."

सगळं सुटलं असं नाही. कर्ज आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला जातं, पावत्या मी डब्यात ठेवते. शेठनं खोली सोडायला सांगितली आहे, आम्ही रोडपालीला शोधतोय. आईला दोन नवी घरं मिळाली, वहिनींचं काम गेलं ते गेलंच. मी फोनवर इंग्रजी बोलले की ती अजून उठून ओट्यावर जाते. मी तिला थांबवत नाही. तो आवाज तिच्या कानातून कधी जाईल मला माहीत नाही. माझ्या कानातून गेलेला नाही.

मी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, भाषा कडक ठेवून. आईचं नाव बरोबर लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, जे शाळेत मी पुटपुटायची. पत्ता विचुंब्याचा टाकला. एक प्रत ठेवली. उत्तर आलं नाही, तर दुसरं लिहीन. दुसऱ्याला आलं नाही, तर तिसरं.

चाळीतल्या दोघीजणी आपापले कागद घेऊन आल्या. "वाचून दाखव गं." मी कागद घेते, आधी मनात वाचते. मग काय उत्तर द्यायचं ते त्यांना विचारते आणि लिहायला बसते.

कुणी "वाच" म्हटलं की माझी पाठ अजून सरळ होते. होऊ दे. तोंड उघडायचं की नाही, ते आता मी ठरवते.