राहून गेलेला आशीर्वाद

काल उपासनेत मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं आणि माझा अंगठा आपोआप हलला.

लॉकडाऊनमध्ये आमच्या सेलूच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना फोनवर व्हायची. सगळ्यांना जोडून घ्यायचं काम माझं. त्या रविवारी पाळकांच्या प्रार्थनेत कोणाचा तरी खोकला सारखा घुसत होता. तो शांताआत्याचा निघाला. मी अंगठ्याने तिची लाईन कापली.

उपासना संपल्यावर तिचाच फोन आला. बोलताना धाप लागत होती.

"पोरी, माया फोन कटला वो. शेवटचा आशीर्वाद राह्यला ना."

"नेटवर्क गेलं असेल, आत्या."

"मंग पुढच्या रविवारी मले घेजो."

बुधवारी आत्या गेली. तिला चार अनोळखी माणसांनी पुरलं. पाळकांना दफनभूमीच्या फाटकातच अडवलं होतं.

आशीर्वाद तेव्हाही राहूनच गेला.