तांबडी छत्री

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. पाचूबंदरातल्या झाडून सगळ्या बोटींना हे ठाऊक आहे, तुम्हीच काय ते राहिलात!

मी चंदनसारचा. जन्मभर शाळेत कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्त झाल्यावर सायबर सुरक्षेवर भाषणं द्यायची चटक लागली. पासवर्ड सांगू नका, कुठेही काहीबाही बोलू नका, वगैरे. म्हणून किनाऱ्यावरच्या बंदोबस्ताच्या एका साहेबांनी मला कोळी मंडळींपुढे बोलायला बोलावलं. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी घुसखोरी रोखायचा सराव होता. खबर देणाऱ्याने आधी परवलीचा शब्द बोलायचा, म्हणजे खबर खरी. तो शब्द आम्हा पाच स्वयंसेवकांनाच माहीत. माझी छाती किती फुगली असेल, बघा!

भाषणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मित्राकडे, बस्त्यावकडे गेलो. घर अगदी समुद्राला लागून. धुकं असं की समुद्र दिसेना, नुसता ऐकू येत होता. बस्त्यावच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून बिचारा घरी. बोट घेऊन त्याचा धाकटा भाऊ इनास गेला होता, सोबत पाच जण. खिडकीतल्या वायरलेसवर खरखर चालू होती. धुक्यात बोटी एकमेकींना आवाज देत होत्या.

खुर्चीवर जाळ्याचा ढीग होता. मी त्याच्यावरच बसलो. खाली काहीतरी टोचलं. म्हटलं, जाळं बुडावं म्हणून लावलेलं शिसं असेल. दुसऱ्याच्या घरी उगाच चुळबुळ कशाला करा?

बसतो न बसतो तोच वाद सुरू.

"सर, परकी बोट आधी आमालाच दिसनार. आन् शब्द आमालाच ठावूक नाय?"

"बस्त्याव, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमच्या लोकांच्या पोटात काही राहतं का? सकाळी बोललेलं दुपारी मासळी बाजारात!"

"आमच्यावर भरोसा नाय, तं राखन करायला आमाला कशाला सांगता?"

मी काय गप्प बसणार? गुप्तहेर, उपग्रह, हॅकर, सगळं काढलं. चांगला पाऊण तास!

तेवढ्यात त्याची बायको मोनीबाय चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"वायरलेस गप कसा?"

खरंच की! एवढ्या बोटी बाहेर, आणि एकीचाही आवाज नाही. बाहेर ते पांढरं धुकं, आत ते मुकं यंत्र. मोबाइलला समुद्रात रेंज नाही. मोनीबायने छातीवर क्रूसाची खूण केली. सहा माणसं होती हो त्या बोटीवर!

मी वायरलेसकडे पाहिलं. त्याच्यावर एक बारीक लाल दिवा, न मिचकावता, आमच्याकडे बघत होता.

"लाल दिवा लागलाय," मी पुटपुटलो.

"लाल? सर, मंग तं—" बस्त्याव दचकून म्हणाला.

"शू! बोलू नका! ते ऐकत असतील!"

"कोन?"

"शत्रू! हा सायबर हल्ला आहे. यंत्राला हात लावायचा नाही, पुरावा आहे तो!"

"आवो, पन लाल म्हंजे—"

"गप्प! आता शब्दही फुटला असणार. ती 'तांबडी छत्री' आजच्या आज बदलायला हवी!"

दहाएक मिनिटं मी कुणाला तोंडच उघडू दिलं नाही, आणि मग धुक्यातून माणसं आली. आधी एक, मग तीन, मग सहा. ओलीचिंब. वाळूवरून सरळ दाराकडे येत होती. पुढे इनास. तो उंबऱ्याशी थांबला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि सावकाश म्हणाला,

"तांबडी छत्री."

मागचा म्हणाला, "तांबडी छत्री."

त्याच्या मागचाही तेच!

मी किंचाळून उठलो, आणि त्याच क्षणी वायरलेस कडाडला. दहा माणसं एकदम बोलायला लागली!

इनासने पुढे होऊन खुर्चीवरचं जाळं उचललं. खाली वायरलेसचा बोलायचा माइक. बटणावर जवळजवळ तासभर कोण बसलं होतं, ते सांगायला हवं का?

"लाल दिवा म्हंजे आपन बोलतोय, सर," बस्त्याव हळूच म्हणाला. "आन् आपन बोलतोय तवर दुसऱ्या कोनाला बोलता येत नाय. तेच सांगत होतो."

"सगल्या बोटींनी ऐकलं," इनास म्हणाला. "तुमचाच आवाज! धुक्यात आमाला एकमेकाला हाक मारता येईना. एक बोट आमच्यावरच येत होती. जाली तशीच टाकून भोंगे वाजवत आलो."

तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. इनासने नुसता डोक्यावरचा टॉवेल पिळला.

इतक्यात वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. "सर, उद्या येऊ नका. भाषण सगळ्यांनी ऐकलंय. नवीन शब्द ठरतोय, या वेळी प्रत्येक बोटीला सांगणार आहोत." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त तुम्हाला नाही."

तो शब्द आता पाचूबंदरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर एकानेही फोडलेला नाही. मी परवा मोनीबायला हळूच विचारून पाहिलं. तिने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "सांगते. आधी उठून खुर्ची दाखवा."

मी उभ्यानेच चहा प्यायलो.