अर्ध्या पावलावरचा भूतकाळ

जयसिंगपूरला कॉलेजात गणित शिकवत मी पीएच.डी. करत होते. नोंदणीची शेवटची मुदतवाढ संपायला आठवडा उरला होता आणि माझा प्रोग्रॅम हट्टाला पेटला होता.

समीकरण सासऱ्यांच्या गुऱ्हाळावरचं. रस बघून ते जाळ कमी-जास्त करायला सांगतात, पण तो फरक काहिलीच्या मोठ्या कढईतल्या रसाला कळायला काही मिनिटं जातात. म्हणजे आत्ताचा बदल मघाच्या तापमानावर ठरतो. असली समीकरणं संगणकाला वेळेची लहान लहान पावलं टाकायला लावून सोडवतात. पाऊल निम्मं केलं की माझ्या पद्धतीत चूक सोळाव्या हिश्श्यावर यायला हवी. माझी येत होती चौथ्या. "हे सुटल्याशिवाय प्रबंधावर सही नाही," मार्गदर्शक म्हणाले. सूत्र इतक्यांदा तपासलं, की त्याचा मला राग यायला लागला होता.

रविवारी सकाळी गुऱ्हाळावर गेले. सासरे माझ्यासाठी दर वीस मिनिटांनी तापमान मोजून भिंतीवर खडूनं लिहायचे. मला मधल्या दहाव्या मिनिटाचं हवं होतं, म्हणून दोन आकड्यांची सरासरी वहीत लिहिली. त्यांनी ती बघितली.

"ह्यो आकडा कुठनं आणलास?"

"मधला काढला, मामा."

"रस काय दोरी लावून सरळ चढतोय व्हय? मळी निघंपातूर रेंगाळतोय, मग भसाकन उसळतोय की! नुसता आकडा बघू नगंस, तवा त्यो कुठल्या चालीत हाय ते बी बघ."

मी जागीच थांबले. प्रोग्रॅममध्येही मी हेच करत होते! प्रत्येक पावलाच्या मध्यावर मागची एक किंमत लागते, ती साठवलेली नसते, आणि मी सरासरी काढून वेळ मारून नेत होते. इतक्या भारी पद्धतीला आतून हे ठिगळ! स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि नाचावंसंही वाटलं.

तिथंच बाकड्यावर लॅपटॉप उघडला. पावलाच्या टोकावरच्या प्रत्येक किमतीबरोबर तिचा वेगही, म्हणजे मामांची ती चाल, प्रोग्रॅमनं आधीच साठवला होता. दोन्ही घेऊन मधे वक्र बसवला. पाऊल निम्मं केलं. चूक पंधरा पूर्णांक नऊ पटींनी घटली! "आलं, आलं!" मी ओरडले, तर रस उतू आला समजून गडी काहिलीकडं धावले.

सोमवारी मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला, पेन उघडलं आणि विचारलं, "सुचलं कसं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी आभाराचं पान काढलं. त्यावर पाच प्राध्यापक होते. सासरे नव्हते.

लाजेनं माझे कान तापले. मार्गदर्शकांच्याच पेननं मी सगळ्यात वर सासऱ्यांचं नाव लिहिलं. मग त्यांनी प्रबंधावर सही केली.